आठ व्होल्ट, चारही वाटांनी

सर्किट थिअरी हा शहरातल्या मुलांचा विषय, असं आमच्याकडे अजूनही सर्रास बोललं जातं. मला ते अजिबात पटत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्या मुलाने दहावीच्या आधीच डीपीवरचा उडालेला फ्यूज पाहिलेला असतो, विहिरीवरच्या स्टार्टरचं हिरवं बटण दाबलेलं असतं. लाइटचा दाब कमी असला की मोटर कशी गुरगुरते ते त्याच्या कानाला ठाऊक असतं. रात्रपाळीची लाइट आली म्हणून वडिलांबरोबर दारं धरायला तो गेलेला असतो. विषय त्याच्या ओळखीचाच आहे. कमी पडते ती कागदावर काम करायची शिस्त, आणि ती शिकता येते.

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली. त्याच वर्षी आमच्या जिल्ह्यात लोणी, संगमनेर आणि कोपरगाव इथे महाविद्यालयं सुरू झाली. त्याआधी इथल्या मुलाला पुणे, सांगली, कराड नाहीतर औरंगाबाद गाठावं लागे. घरातला पहिलाच इंजिनिअर म्हणवणारी आमची पिढी जिल्ह्यातल्या या महाविद्यालयांनी घडवली. मी इलेक्ट्रिकलचा. स्वतः शिकताना आणि पुढे धाकट्या मुलांना शिकवताना जे पक्कं होत गेलं, ते इथे क्रमाने लिहितो आहे.

१. आकृती आपल्या हाताने पुन्हा काढा

पुस्तकातली आकृती म्हणजे सर्किट नव्हे. ती त्या सर्किटची एक मांडणी आहे, आणि परीक्षेत ती बहुतेकदा मुद्दाम गुंतागुंतीची केलेली असते. म्हणून समीकरण मांडण्याआधी रंगीत पेन्सिली घ्या. साध्या तारेने थेट जोडलेले सगळे बिंदू मिळून एकच नोड होतो, तार कितीही लांब वा वेडीवाकडी असो. त्या सगळ्याला एक रंग द्या. पुढच्या नोडला दुसरा. रंगवून झालं की नोड मोजून झालेले असतात. मग कोरं पान घेऊन तेवढेच ठिपके काढा आणि कोणता रेझिस्टर कोणत्या दोन ठिपक्यांच्या मध्ये आहे एवढंच पाहून तो तिथे टाका.

एक उदाहरण घेऊ. पाच रेझिस्टरचं जाळं आहे आणि ‘अ’ व ‘ब’ या टोकांमधला एकूण रेझिस्टन्स काढायचा आहे. मूळ आकृतीत तारा एकमेकींवरून गेल्या आहेत. पुन्हा काढली तर दिसतं: अ–क २ ओहम, क–ब ४ ओहम, अ–ड ३ ओहम, ड–ब ६ ओहम, आणि मध्ये क–ड ५ ओहम. हा तर बारावीत शिकलेला व्हीटस्टन ब्रिज! २ ला ४ तसे ३ ला ६, म्हणजे ब्रिज संतुलित आहे. क आणि ड यांचं व्होल्टेज सारखंच, त्यामुळे मधल्या ५ ओहममधून काहीच जात नाही. तो काढून टाका. उरले ६ आणि ९ ओहम समांतर, उत्तर ३.६ ओहम. आकृती न बदलता जो थेट लूपची समीकरणं मांडायला बसतो, तो तीन अज्ञातांशी झटत राहतो. ब्रिजची ही युक्ती सॅम्युअल ख्रिस्टीने १८३३ मध्ये मांडली आणि दहा वर्षांनी चार्ल्स व्हीटस्टनने ती सर्वांपुढे आणली. पेपरात ती अजूनही वेगवेगळ्या वेषांत येते.

२. करंट घटकातून वाहतो, व्होल्टेज दोन टोकांमध्ये असतं

हे वाक्य पोरांना पाठ असतं, पण हात ते पाळत नाहीत. ‘या बिंदूचं व्होल्टेज किती?’ असं कोणी विचारलं की उलट विचारायची सवय लावा: कशाच्या तुलनेत? शून्य कुठे धरायचं ते आपल्या हातात असतं. ज्या नोडला सर्वात जास्त फांद्या जोडलेल्या आहेत तो शून्य धरला की निम्मं लिखाण वाचतं.

करंटबद्दलचा एक गैरसमज मात्र मुळातून काढायला हवा. बल्बमध्ये करंट ‘खर्च’ होतो असं पुष्कळांना वाटतं. मुळेच्या किंवा प्रवरेच्या कालव्यावर ज्याने चारीचं पाणी फिरवलं आहे, त्याला फाट्यावर आलेलं पाणी आणि दोन्हीकडे गेलेलं पाणी यांचा मेळ चांगला कळतो. किरचॉफचा पहिला नियम तोच. फरक एवढाच की चारीचं पाणी वाटेत मुरतं, करंट मुरत नाही. बल्बमध्ये जेवढा शिरला तेवढाच बाहेर पडतो. बल्बला मिळते ती ऊर्जा. गुस्ताव किरचॉफने आपले दोन नियम १८४५ मध्ये मांडले तेव्हा तो क्योनिग्सबर्गच्या विद्यापीठात शिकत होता, वय २१ वर्षं. म्हणजे आपल्याकडच्या थर्ड इयर–फायनल इयरच्या मुलाएवढाच. हे मी प्रत्येक वर्गात सांगतो, कारण नियमांची नावं पुस्तकात वाचली की ती कुणा म्हाताऱ्या प्राध्यापकांची वाटतात.

३. बाण कसाही काढा, पण एकदा काढला की हलवू नका

करंटची दिशा आधी ठाऊक नसते, आणि ती ठाऊक असायची गरजही नाही. मनाला येईल ती दिशा धरा, आकृतीवर ठळक बाण काढा आणि शेवटपर्यंत तोच पाळा. उत्तर उणे आलं तर पुष्कळ मुलं घाबरून मध्येच बाण फिरवतात, मग अर्धी समीकरणं जुन्या बाणाची आणि अर्धी नव्याची होऊन बसतात. उणे चिन्ह ही माहिती आहे, तिला खोडरबर लावायचं नाही. बॅटरीतून बाहेर जाणारा बाण काढला आणि उत्तर उणे आलं, याचा अर्थ बॅटरी चार्ज होते आहे. ज्यांच्या छतावर सोलर आहे त्यांचा नेट मीटर दुपारी हेच दाखवतो: वीज घरातून लाइनकडे निघालेली असते.

४. वीस गणितं एकेकदा सोडवण्यापेक्षा एक गणित चार रीतींनी सोडवा

मला हा सगळ्यात मोलाचा धडा वाटतो. पुढचं गणित वहीत उतरवून घ्या.

दोन बॅटऱ्या आहेत. पहिली १२ व्होल्टची, तिच्या वाटेत २ ओहम. दुसरी ६ व्होल्टची, तिच्या वाटेत ३ ओहम. दोन्ही एकाच नोडला येऊन मिळतात आणि त्या नोडपासून खालच्या सामाईक तारेपर्यंत ६ ओहमचा लोड आहे. लोडवर किती व्होल्टेज?

पहिली वाट नोडची. खालची तार शून्य, वरचा नोड ‘व्ही’. नोडमधून बाहेर जाणाऱ्या करंटची बेरीज शून्य: (व्ही − १२)/२ + (व्ही − ६)/३ + व्ही/६ = ०. सगळ्याला ६ ने गुणलं की ६ व्ही = ४८, म्हणजे ८ व्होल्ट. एकच अज्ञात, एकच ओळ.

दुसरी वाट लूपची. दोन लूप, दोन समीकरणं, थोडं जास्त लिखाण. पहिल्या बॅटरीतून २ अँपिअर बाहेर पडतात, त्यातले ४/३ अँपिअर लोडमधून जातात आणि २/३ अँपिअर दुसऱ्या बॅटरीत शिरतात. म्हणजे ६ व्होल्टची बॅटरी इथे चार्ज होते आहे. लोडवर ४/३ गुणिले ६, पुन्हा ८ व्होल्ट.

तिसरी वाट सुपरपोझिशनची. आधी १२ व्होल्टची बॅटरी एकटी ठेवा आणि दुसरीच्या जागी नुसती तार लावा. ३ आणि ६ समांतर म्हणजे २ ओहम, वाटणीत लोडवर ६ व्होल्ट. आता ६ व्होल्टची एकटी: २ आणि ६ समांतर म्हणजे १.५ ओहम, लोडवर २ व्होल्ट. बेरीज ८.

चौथी थेवेनिनची. लोड काढून ठेवा. उरलेल्या लूपमध्ये ६ व्होल्टचा फरक आणि ५ ओहम, करंट १.२ अँपिअर. उघड्या टोकांवर १२ वजा २.४, म्हणजे ९.६ व्होल्ट. बॅटऱ्यांच्या जागी तारा घातल्या की २ आणि ३ समांतर, १.२ ओहम. आता लोड परत लावा: ९.६ गुणिले ६ भागिले ७.२. पुन्हा ८.

चारही वाटा पायाखालून गेल्या की कोणत्या सर्किटला कोणती वाट जवळची ते आपोआप दिसायला लागतं. नोड कमी असले तर नोडची, लूप कमी असले तर लूपची, एकच लोड पुन्हा पुन्हा बदलायचा असेल तर थेवेनिनची. हे कोष्टक पाठ करून येत नाही. दुसरा फायदा असा की परीक्षेत उत्तर तपासायला शेजारी पाहावं लागत नाही. दुसरी वाट हीच तपासणी.

डिपेंडंट सोर्स आला तर मात्र थांबून वाचा. सुपरपोझिशनमध्ये आणि थेवेनिनचा रेझिस्टन्स काढताना तो बंद करायचा नसतो, कारण तो सर्किटमधल्याच एखाद्या व्होल्टेजवर वा करंटवर चालतो. रेझिस्टन्स काढताना अशा वेळी बाकीचे स्वतंत्र सोर्स बंद करून टोकांना बाहेरून १ व्होल्टचा सोर्स लावा, किती करंट आत जातो ते काढा आणि भागाकार करा.

५. शेवटी पॉवरचा हिशेब जुळवा

वरच्याच गणितात १२ व्होल्टची बॅटरी २ अँपिअर देते, म्हणजे २४ वॅट. २ ओहममध्ये ८ वॅट जातात, ३ ओहममध्ये १.३३, लोडमध्ये १०.६७, आणि ६ व्होल्टच्या बॅटरीत ४ वॅट साठतात. बेरीज बरोबर २४. हा ताळा जमला की उत्तराबद्दल शंका उरत नाही, आणि याला दोन मिनिटंही लागत नाहीत. तरी उत्तरपत्रिकेत तो क्वचित दिसतो.

एक धोक्याची जागा: सुपरपोझिशनने व्होल्टेज आणि करंट मिळवता येतात, पॉवर मिळवता येत नाही. लोडवर एकट्या १२ व्होल्टने ६ वॅट येतात, एकट्या ६ व्होल्टने ०.६७. बेरीज ६.६७, आणि खरी पॉवर आहे १०.६७. पॉवर वर्गावर चालते, म्हणून आधी व्होल्टेजची बेरीज करा, वर्ग नंतर.

६. थेवेनिन लाइनच्या शेवटच्या घरात राहतो

डीपीपासून लांबच्या वस्तीवर संध्याकाळी बल्ब पिवळा पडतो, हे ज्याने पाहिलं त्याने थेवेनिन पाहिलेला आहे. त्या घरापासून मागे पाहिलं तर खांब, तारा, डीपी, सबस्टेशन असं सगळं काही आहे. थेवेनिन म्हणतो की हे सगळं मिळून एक व्होल्टेज आणि एक रेझिस्टन्स. समजा काहीच चालू नसताना घरात २२८ व्होल्ट आहेत आणि १० अँपिअर घेणारा हीटर लावल्यावर ते २०८ झाले. २० व्होल्ट कमी झाले १० अँपिअरला, म्हणजे मागे २ ओहम बसले आहेत. खांब मोजायची गरज पडली नाही.

आता तसाच आणखी एक हीटर लावला तर? घाईने सांगणारा म्हणेल, आणखी २० कमी होतील, १८८ उरतील. पण व्होल्टेज घसरलं की हीटर करंटही कमी ओढतो. एका हीटरचा रेझिस्टन्स २०.८ ओहम, दोन समांतर १०.४, २२८ गुणिले १०.४ भागिले १२.४ म्हणजे सुमारे १९१ व्होल्ट. असं गणित एकदा आपल्या घरासाठी केलं की प्रमेय विसरत नाही.

मॅक्झिमम पॉवर ट्रान्सफरचं प्रमेयही इथेच समजून घ्यावं. लोड २ ओहमचा केला तर जास्तीत जास्त पॉवर मिळेल हे खरं, पण घरात ११४ व्होल्टच उरतील आणि जेवढी वीज घरात तेवढीच तारांत जळेल. रेडिओच्या अँटेनाला हा हिशेब चालतो, वीजवितरणाला कधीच चालत नाही. प्रमेय कुठे लावायचं नाही हे सांगता आलं तरच ते समजलं, असं माझं मत आहे.

लिऑन शार्ल थेवेनिन हा फ्रान्सच्या तारखात्यातला इंजिनिअर. त्याने हे १८८३ मध्ये मांडलं. त्याच्या तीस वर्षं आधी, १८५३ मध्ये, हेल्महोल्ट्झने हेच मांडलं होतं, आणि तो पेशाने डॉक्टर. प्राण्यांच्या स्नायूंमधली वीज त्याला मोजायची होती. करंट सोर्सच्या रूपात तेच सांगणारा नॉर्टन बेल लॅबमधला, १९२६ सालचा. म्हणजे या प्रमेयांमागे माणसांची रोजची कामं होती.

७. वायरमनकडे नीट पाहा

आमच्याकडच्या वायरमनच्या पिशवीत एक टेस्ट लॅम्प असतो: दोन होल्डर, दोन बल्ब, एकापाठोपाठ एक जोडलेले. दोन का? दोन फेजच्या मध्ये सुमारे ४०० व्होल्ट असतात. २३० चा एकटा बल्ब तिथे लावला तर फुटेल. दोन सारखे बल्ब सिरीजमध्ये लावले की प्रत्येकाला २०० मिळतात. सारखेच का, हे मी मुलांना विचारतो. ६० वॅटच्या बल्बचा रेझिस्टन्स २३० चा वर्ग भागिले ६०, म्हणजे सुमारे ८८२ ओहम. १०० वॅटच्या बल्बचा ५२९. (फिलामेंट तापल्यावर रेझिस्टन्स बदलतो, ते इथे बाजूला ठेवू.) ही जोडी ४०० वर लावली तर ६० च्या बल्बला २५० व्होल्ट येतात आणि १०० च्या बल्बला १५०. कमी वॅटचा बल्ब जास्त उजळतो आणि आधी जातो.

न्यूट्रल तुटल्यावर गावात टीव्ही का जळतात, तेही याच वाटणीचं गणित. दोन घरं दोन वेगळ्या फेजवर आहेत आणि दोघांचा परतीचा न्यूट्रल तुटला. आता ती दोन घरं ४०० व्होल्टच्या मध्ये सिरीजमध्ये आली. एकात १००० वॅटचा हीटर, सुमारे ५३ ओहम. दुसऱ्यात ६० वॅटचा एकच बल्ब, ८८२ ओहम. बल्बवाल्या घराला ३७७ व्होल्ट मिळतात. ज्याने कमी वीज वापरली त्याचंच नुकसान होतं. पुस्तकात याला ‘अनबॅलन्स्ड स्टार लोड’ म्हणतात आणि मुलं तो भाग ऑप्शनला टाकतात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण आमच्या गावांत सगळ्यात जास्त उपयोगी पडणारं गणित तेच आहे.

वायरमनला सूत्र येत नसेल, पण कोणत्या जोडणीत काय होतं हे त्याला अचूक ठाऊक असतं. त्याला ‘का’ विचारण्यापेक्षा ‘कसं जोडता’ विचारा. ‘का’ आपण कागदावर काढायचं.

८. स्विच पडतो त्या क्षणाच्या आधी आणि नंतर

ट्रान्झिएंटची गणितं डिफरन्शिअल इक्वेशनमुळे अवघड वाटतात. त्यातली बहुतेक तीन आकृत्यांत सुटतात: स्विच हलण्याच्या लगेच आधी, लगेच नंतर, आणि बऱ्याच वेळानंतर. कपॅसिटरचं व्होल्टेज एका क्षणात बदलत नाही, इंडक्टरचा करंट बदलत नाही. या दोन गोष्टी पहिल्या आकृतीतून दुसरीत घेऊन जा. स्टार्टरचं लाल बटण दाबल्यावर आत ठिणगी दिसते ती याचमुळे. वाइंडिंगमधला करंट थांबायला तयार नसतो. शेवटच्या आकृतीत, डीसी सोर्स असेल तर, कपॅसिटर उघडा आणि इंडक्टर नुसती तार. मधला वेळ टाइम कॉन्स्टंट सांगतो: १० किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरड म्हणजे १ सेकंद, एवढ्यात ६३ टक्के काम होतं आणि ५ सेकंदांत जवळपास सगळं.

९. युनिट शेवटी चिकटवू नका

व्होल्ट, किलोओहम आणि मिलिअँपिअर हा संच एकत्र वापरा. व्होल्टला किलोओहमने भागलं की थेट मिलिअँपिअर येतात आणि शून्यं मोजत बसावं लागत नाही. आणि लॅबमध्ये मल्टिमीटर करंटवर ठेवून कधीही सोर्सच्या दोन टोकांना लावू नका. करंट मोजायला सर्किट तोडून मध्ये जावं लागतं.

१०. सोडवलेलं गणित वाचणं म्हणजे सोडवणं नव्हे

गाइडमधलं उत्तर वाचताना प्रत्येक ओळ पटत जाते, आणि तिथेच फसगत होते. परीक्षेत ओळ पटून भागत नाही, ती सुचावी लागते. उत्तर पाहायचं असेल तर फक्त पहिली ओळ पाहा, वही मिटा आणि पुढचं स्वतः करा. अडलात तर दुसरी ओळ. माझ्या पाहण्यात ज्यांचा हा विषय पक्का झाला त्यांनी तो असाच केला, किंवा दुसऱ्या कुणाला तरी शिकवून केला.

म्हणून ज्यांचा हा विषय सुटला आहे, त्यांना माझी विनंती आहे. लोणी, संगमनेर, कोपरगाव, नगर, जिथे असाल तिथे आठवड्यातली एक संध्याकाळ मराठी माध्यमातून आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना द्या. त्यांना मराठीत समजावा, संज्ञा इंग्रजीच ठेवा, कारण पेपर इंग्रजीत लिहायचा आहे. आणि पहिलं गणित पुस्तकातलं घेऊ नका. त्यांच्या विहिरीपासून डीपीपर्यंत किती केबल आहे ते विचारा आणि तिथून सुरू करा.